दोघांनी मिशन कंपाउंडमध्ये जाऊन राहायचं म्हणतोय – रोजचं कसं असतं?

नगरी_मावशी

जय ख्रिस्त सगळ्यांना.

मी ६१, आमचे हे ६४. हे एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले. मी घरीच बालवाडी चालवायचे, ती तीन वर्षांपूर्वी बंद केली. मुलगी पुण्यात, मुलगा नाशकात, दोघांची लग्नं झाली. जबाबदारी म्हणाल तर आता फारशी उरली नाही, आणि गुडघे म्हणाल तर तेही फारसे उरले नाहीत.

गेल्या महिन्यात आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी उपासना सुटल्यावर आम्हाला थांबवून घेतलं. नेवासा तालुक्यात एका खेड्यात आपली जुनी मंडळी आहे, म्हणजे चर्च आणि त्याची चाळीसेक घरं. तिथं राहणारा पाळक नाही. ज्यांच्याकडे ती मंडळी आहे त्यांच्याकडे अशा आणखी सहा आहेत, त्यामुळे त्यांचं येणं महिन्यातून दोनदा. चर्चच्या आवारातल्या, म्हणजे मिशन कंपाउंडमधल्या, जुन्या बंगल्याच्या दोन खोल्या राहण्यासारख्या आहेत म्हणे. "दीड वर्ष तुम्ही दोघं जाऊन राहा. दिवा लावा, घंटा वाजवा, पोरांची शब्बाथशाळा घ्या," म्हणाले. मानधन काही नाही. लाइटबिल मंडळी भरणार, बाकी आपलं आपण.

ह्यांनी तिथंच उभ्या उभ्या हो म्हणून टाकलं. मला विचारलंसुद्धा नाही. घरी आल्यावर मी दोन दिवस बोलले नाही, तिसऱ्या दिवशी विचारलं, "तिथं संडास कुठं आहे?" ते ह्यांनाही माहीत नव्हतं.

माझं मन नाही असं नाही. पण सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत तिथं नेमकं करायचं काय, ते कोणी सांगत नाही. सगळे "फार आशीर्वाद मिळेल" एवढंच म्हणतात. मी काही बायबल स्कूल केलेली बाई नाही. लोक पाळकीणबाई समजून काही विचारायला लागले तर काय सांगू? पैशाचं कसं बसवायचं? ह्यांची पेन्शन तीन हजारांच्या आसपास, वर नगरची एक खोली भाड्यानं आहे, तिचे थोडे येतात. फ्रिज न्यावा का? आणि मुख्य म्हणजे, कोणी असं नवराबायको दोघं जाऊन राहिलं असेल तर खरं खरं सांगा.

खरं_बोलणारा

मावशी, जायच्या आधी लेखी पत्र घ्या. छपराची डागडुजी कोणी करायची, वेस्ट्रीची, म्हणजे चर्चमधल्या पाळकांच्या खोलीची, किल्ली कोणाकडे, मीटर कोणाच्या नावावर, मोटर जळली तर खर्च कोणाचा. माझे आईवडील असेच एका ठिकाणी गेले होते, नाव घेत नाही. "दिवा लावा" म्हणणारी माणसं कौलं गळायला लागल्यावर फोन उचलत नाहीत. पहिल्या पावसाळ्यात वडिलांनी पेन्शनीतून अकरा हजार घालून पत्रे टाकले, ते पैसे आजतागायत आलेले नाहीत. तरी दोघं तिथं दोन वर्षं राहिले आणि अजून त्या गावाबद्दलच बोलतात. ते मला कधी कळलं नाही. पण पत्र घ्याच.

दौंडकर_सिस्टर

मावशी, वाचून आधी हसले, कारण आमच्याकडंही "हो" असंच झालं होतं. फरक एवढाच की ते मी म्हटलं होतं, आणि ह्यांना घरी आल्यावर कळलं.

मी सरकारी दवाखान्यात ३१ वर्षं नर्स. हे दौंडला मालगाडीचे गार्ड. (आता गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात. २०२२मध्ये नाव बदललं, त्याआधीच हे रिटायर झाले होते. त्याची हळहळ अजून आहे.) आम्ही जून २०२२ला गेलो, मे २०२४ला परतलो. गाव तुमच्याच तालुक्यात, कालव्याच्या खालच्या अंगाला. चहूबाजूंनी ऊस, मध्ये कांदा, आणि त्याच्या मध्ये आमचं कंपाउंड. दोन चिंचा, एक आड, चर्च, बंगला. बंगल्याच्या भिंती हातभर जाड, म्हणून उन्हाळ्यात गार. पण पावसाळ्यात त्याच भिंती ओल धरतात. कपडे वाळायला चार दिवस.

तुम्ही विचारलंय, दिवसभर काय करायचं. मीही हेच विचारत होते. पहिल्या आठवड्यात मी चक्क टाइमटेबल करून भिंतीला लावलं होतं. सहा ते सात भक्ती, दहा ते बारा घरभेटी, चार ते पाच महिला प्रार्थना. एक दिवससुद्धा तसा गेला नाही. कारण तिथलं काम आपण उठून करायचं नसतं, ते आपल्याकडे चालत येतं. आपण घरी असायचं, बस. कंपाउंडमध्ये किती वर्षांनी माणूस राहायला आलाय, रात्री खिडकीत दिवा दिसतोय, हेच त्यांना हवं असतं. ऐकायला सोपं वाटतं. माझी ड्यूटी कधी एवढी दमवणारी नव्हती. ड्यूटी निदान सुटायची.

सकाळी सहाला फाटकाची कडी वाजते. कोणाला आधारकार्डावरची जन्मतारीख दुरुस्त करायचीय, कोणाची सून माहेरी निघून गेलीय, कोणाला नुसता मोबाइल चार्ज करायचाय कारण त्यांच्या वस्तीवर लाइट रात्री येते. एक म्हातारे बाबा होते, रोज नऊला यायचे आणि ओट्यावर बसून ह्यांच्याकडून पेपर वाचून घ्यायचे. त्यांना वाचता येत होतं. पण म्हणायचे, "स्वतः वाचलं की भांडता येत नाही."

माझी एक चूक सांगते, ती करू नका. मी जाताना बीपीचं मशीन आणि शुगरचा ग्लुकोमीटर घेऊन गेले. पंधरा दिवसांत बंगल्याचा दवाखाना झाला. ख्रिस्ती, मराठा, धनगर, सगळी आळी रांगेत. एकेक स्ट्रिप वीस रुपयांच्या घरात जाते, महिन्याला दोन डब्या संपायला लागल्या. शेवटी ह्यांनीच पाटी लिहिली, "बीपी फक्त मंगळवारी. शुगरची पट्टी ज्याची त्यानं आणावी." गोळी मात्र मी एकदाही दिली नाही, सरळ आरोग्य केंद्रात धाडायचे. तुमच्या हातात बालवाडी आहे. ते मशीनपेक्षा बरं, कारण पोरं संध्याकाळी घरी जातात.

पैशाचं. आमचा किराणा, दूध, गॅस, फोन मिळून महिन्याला नऊ-दहा हजार लागायचे, आणि त्यातला मोठा भाग साखर. खोटं वाटेल, महिन्याला सहा किलो. आल्या माणसाला चहा द्यायचाच, त्यात काटकसर करू नका, गूळ घातला तर लोक नाराज होतात. पण रोख पैसे कोणाला देऊ नका. पहिल्या तीन महिन्यांत मी साडेचार हजार उसने दिले. परत आले सहाशे आणि एक कोंबडी. त्यानंतर ठरवलं, दवाखान्यात सोबत येईन, एसटीचं तिकीट काढीन, डबा देईन, पण हातात नोट नाही. दोन घरं रुसली. एक अजून रुसलेलं आहे.

अर्पणाचे पैसे तर घरात एक रात्रही ठेवू नका. उपासना सुटली की दोन पंचांसमोर मोजायचे, वहीत लिहायचे, तिघांनी सही करायची. गल्ल्यात आठ रुपये असले तरी. आमचे गार्डसाहेब ह्या बाबतीत गाडीचं जर्नल लिहिल्यासारखे काटेकोर, त्याचा आधी लोकांना राग आला. मग मागच्या कोणाच्या वेळचा हिशोब निघाला आणि राग गेला.

आता घंटा. तिथं रविवारी तीन घंटा होतात. पहिली तासभर आधी, दुसरी अर्धा तास आधी, तिसरीला उपासना सुरू. दहाची उपासना म्हणजे लोक पावणेअकराला येणार, हे तिथलं ठरलेलं. गार्डसाहेबांनी पहिल्या रविवारी दहाच्या ठोक्याला तिसरी घंटा दिली आणि पहिलं गीत सुरू केलं. चर्चमध्ये माणसं चार. मी, हे, पेपरवाले बाबा आणि झोपलेलं एक कुत्रं, त्याला धरून चार. दोन महिने हाच हट्ट. मग लोक सव्वादहाला यायला लागले आणि हे दहा वाजून दहा मिनिटांनी सुरू करायला लागले. "गाडी जरा सायडिंगला घेतली," म्हणायचे. शेवटपर्यंत तो करार टिकला.

संदेश ह्यांनी कधी दिला नाही, आणि मावशी, तुम्हीही त्याची भीती बाळगू नका. पाळकसाहेब येत तेव्हा प्रभुभोजन आणि संदेश. एरवी शास्त्रपाठ, प्रार्थना, आणि "उपासना संगीत" उघडून गीतं. हार्मोनियमच्या दोन पट्ट्या मुक्या होत्या, तिथं हे तोंडानं सूर लावायचे. तिथल्या म्हाताऱ्या बाया, ज्यांनी शाळा पाहिली नाही, त्यांना नारायण वामन टिळकांची गीतं पहिल्या कडव्यापासून शेवटच्यापर्यंत पाठ. पाठ म्हणजे कशी, आम्ही पुस्तकात बघून चुकायचो. एक आजी तर उपासनेच्या मधेच म्हणाल्या, "साहेब, हे मोटारीच्या चालीत नका घेऊ. जात्यावरच्या चालीत घ्या." आणि त्यांनी सुरू केलं. मी नगरच्या मोठ्या चर्चमध्ये ऑर्गनवर ऐकलेलं तेच गीत, पण त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की ही ओवी आहे.

तुम्ही विचारलं नाहीत ते सांगते, कारण कोणी सांगत नाही. आम्हाला गावाचा त्रास झाला नाही, एकमेकांचा झाला. ३४ वर्षं हा माणूस मला तुकड्यातुकड्यांनी मिळाला. बॅग भरली, गेला, दोन दिवसांनी आला, झोपला, गेला. आणि आता दोन खोल्यांत चोवीस तास! गॅसचं बटण बंद केलं का, दाराला कडी घातली का, दूध किती लिटर घेतलं, सगळ्यावर नजर. मी एकदा ओरडले, "मी तुमची ब्रेकव्हॅन नाही." (मालगाडीचा शेवटचा, गार्डचा डबा.) ते ओट्यावर जाऊन बसले. मग आम्ही वाटणी केली. दुपारी दोन ते चार हे वेस्ट्रीत, मी घरात. मी वेस्ट्रीत जायचं नाही, ह्यांनी स्वयंपाकघरात यायचं नाही. तुमचे हे वर्कशॉपवाले म्हणजे आठ तास तरी घराबाहेर राहिलेले. ते आठ तास तिथं कुठं घालवतील, ते जायच्या आधी ठरवा. फ्रिजपेक्षा हे महत्त्वाचं.

त्या दोन तासांत ह्यांना बाप्तिस्म्याची जुनी रजिस्टरं सापडली. लाकडी कपाटात, खालच्या दोन पुस्तकांना वाळवी. अमेरिकन मराठी मिशन १८१३ला मुंबईत उतरलं, १८३१ला नगरला आलं, हे आता आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकावं लागतं. १९००च्या आसपासची पानं नुसती खच्चून भरलेली, कारण छप्पनच्या (संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००च्या) दुष्काळात मिशननं कितीतरी अनाथ पोरं सांभाळली. बापाच्या नावाच्या जागी रेघ, आईच्या नावाच्या जागी रेघ. ह्यांनी लांबलचक वह्या आणून सगळं स्वच्छ अक्षरात उतरवून काढलं. दाखल्यावर सही अर्थात पाळकसाहेबांचीच, पण नोंद शोधून पान नंबर काढून ठेवणं, हे काम ह्यांचं झालं. लांबून लांबून लोक आजीची जन्मतारीख शोधत यायचे.

एक रात्र सांगते आणि थांबते. नाताळ आणि नवीन वर्षाच्या मधले दिवस, २०२२. रात्री दीडला कडी वाजली. पेपरवाल्या बाबांची सून. मी बॅटरी घेऊन गेले (एकटी नाही, उसात बिबट्या होता तेव्हा, दोघांनी मिळूनच जायचं). नाडी पाहिली, काहीच नव्हतं. सवयीनं तोंडातून वेळ निघाली, "एक पन्नास." सून म्हणाली, "बाई, वेळ कशाला सांगता, कोणाला लिहायचंय?" मला फार लाजल्यासारखं झालं. मग मी नर्स नव्हते, नुसती त्यांच्या चुलीपाशी बसले.

त्या गावात माणूस गेला की वयाइतके टोले देतात. सावकाश. वस्तीवरची माणसं अंथरुणात पडल्या पडल्या मोजतात आणि कोण गेलं ते ओळखतात. घरच्यांनी वय सांगितलं ८१. ह्यांनी चिंचेखालून मूठभर चिंचोके उचलले, ८१ मोजून डाव्या खिशात घातले, आणि एका टोल्याला एक उजव्या खिशात. मी बॅटरी धरून उभी. थंडीनं ह्यांचा हात दोरावर आखडत होता, तरी मला दोर धरू दिला नाही. पाळकसाहेब दुपारी आले, शवपेटी नगरहून यायला तीन वाजले, खड्डा पोरांनी सकाळीच खणला होता. सगळं आटोपल्यावर त्या जात्याच्या चालीवाल्या आजी ह्यांना म्हणाल्या, "साहेब, एक टोला जास्त दिलात." हे दुसऱ्या दिवशी रजिस्टर काढून बसले. बाप्तिस्मा मार्च १९४२, तान्हं बाळ. म्हणजे ८०. आजीच बरोबर.

सॉल्टलेकची_वहिनी

सिस्टर, रजिस्टरांचं वाचून राहवलं नाही. आम्ही साताऱ्याचे, गेली बारा वर्षं यूटामध्ये. इथं ज्यांना लोक मॉर्मन म्हणतात त्या चर्चचं मुख्यालय सॉल्टलेकमध्येच आहे, आणि रिटायर झालेल्या नवराबायकोनं "मिशन"वर जाणं ही इथली अगदी घरगुती गोष्ट. आपल्याकडे काशीयात्रेला निघाले म्हणतात तसं. आमच्या शेजारचे काका डेंटिस्ट होते, काकू शाळेत. सत्तरीला आल्यावर घर भाड्यानं दिलं आणि दीड वर्षासाठी फिलिपाइन्सला गेले.

तुमच्याशी जुळणारं पुष्कळ आहे. खर्च त्यांचा त्यांनीच करायचा. सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंत मुदत असते. तरुण पोरं पांढरा शर्ट घालून दारोदार जातात ना, तसं ह्या वयस्कर जोडप्यांना जावं लागत नाही. छातीवर मात्र तीच काळी नावाची पट्टी. काकांना एल्डर, काकूंना सिस्टर म्हणायचे. मग करायचे काय? काकू म्हणायच्या, "अठरा-वीस वर्षांच्या पोरांची आई." त्यांच्या खोल्या स्वच्छ आहेत का ते बघायला जायचं, ताप आला तर डॉक्टरकडे न्यायचं, ऑफिसचे हिशोब लिहायचे. एका खोलीच्या सिंकमध्ये त्यांना तीन आठवड्यांचा भात सापडला होता, ती गोष्ट त्यांनी परत आल्यावर मला इतक्यांदा सांगितली की तो भात मीच पाहिला असं वाटतं.

आणि ह्या चर्चला वंशावळीचं फार. काही जोडपी तर फक्त जुन्या नोंदींचे फोटो काढायला जातात. परक्या देशातल्या दफ्तरखान्यात बसून दिवसभर एकेक पान कॅमेऱ्याखाली धरायचं. गार्डसाहेबांना सांगा, त्यांच्यासारखे पुष्कळ आहेत.

मावशी, एक गोष्ट त्यांच्याकडून उचला. आठवड्यातला एक दिवस त्यांना सुटीचा असतो. कपडे धुणं, बाजार, घरी फोन. ठरलेला दिवस, आणि तो सगळ्यांना माहीत असतो.

दौंडकर_सिस्टर

वहिनी, हे आम्हाला दुसऱ्या वर्षी सुचलं. गुरुवारी कुलूप लावून सकाळच्या गाडीनं नगरला. काही नाही, मार्केटमध्ये फिरायचं, डोसा खायचा, परत. पहिल्या गुरुवारी परत आलो तर ओट्यावर सात माणसं बसलेली.

कांदेवाला_नेवासा

मी ख्रिस्ती नाही, पण आमच्या गावात असंच कंपाउंड आहे म्हणून लिहितो. आम्ही त्याला अजून मडमचा बंगला म्हणतो, मडम आमच्या आजोबांच्या वेळीच गेली. माझी आजी वाचायला शिकली ती मिशनच्याच शाळेत.

मावशी, बिनधास्त या. फक्त दोन गोष्टी. एक, कंपाउंडमधून आडाकडं किंवा शाळेकडं जायची पायवाट असेल तर दिवसा फाटकाला कुलूप लावू नका, त्यावरनं भांडणं झालेली पाहिलीत. दुसरं, हरिनाम सप्ताहाला गाव बोलवायला येईल. या. पंगतीला बसायचं नसेल तर मंडपात बसा थोडा वेळ. आमच्याकडं राहायला आलेले एक रिटायर मास्तर पहिल्या वर्षी आले नाहीत, लोक म्हणाले हे पोरं बाटवायला आलेत. दुसऱ्या वर्षी आले, टाळ हातात घेऊन उभे राहिले, त्यानंतर त्यांच्या हार्वेस्टच्या सणाच्या लिलावात माझ्या बापानं एक भोपळा तीनशेला घेतला. तो भोपळा आमच्याच शेतातला होता, आम्हीच चर्चला दिलेला.

दौंडकर_सिस्टर

बाटवायचा विषय निघालाच आहे म्हणून. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या, पाथर्डीकडच्या, बीडकडच्या. कंपाउंडच्या मागं त्यांच्या कोप्या. त्यांची पोरं रविवारी आमच्या शब्बाथशाळेत येऊन बसायची, खरं तर बिस्किटासाठी. मला वाटलं, येऊ दे, गोष्टी ऐकतील. हे म्हणाले नाही. "आईबापांना विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या पोराला आपला धडा द्यायचा नाही. पाढे शिकव." मला ते तेव्हा पटलं नव्हतं. आम्ही त्या पोरांना शनिवारी वेगळं बसवलं, पाढे, चित्रं, बिस्किट. मार्चमध्ये टोळ्या गेल्या तेव्हा एका पोराला एकोणतीसचा पाढा येत होता. पुढच्या दिवाळीनंतर टोळी आली, त्यात तो नव्हता.

नगरी_मावशी

सगळ्यांचे आभार. सिस्टर, तुमचं लिहिलेलं मी ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ब्रेकव्हॅनपाशी हे हसले, मग एकदम गप्प झाले. नंतर म्हणाले, "आठ तास मी तिथल्या लोकांच्या मोटरी दुरुस्त करीन." आता त्याचे पैसे घ्यायचे की नाही, ह्यावर आमचं कालपासून चालू आहे.

आणखी दोन शंका. लोक पाळकीणबाई म्हणाले तर? आणि तो संडासाचा प्रश्न, त्याचं कोणी उत्तर दिलं नाही.

दौंडकर_सिस्टर

म्हणू द्या. पहिले सहा महिने मी प्रत्येकाला "मी पाळकीण नाही, सिस्टर आहे" सांगत होते. त्यावर एक जण म्हणाला, "कॅथलिक का?" तेव्हापासून सोडून दिलं. फक्त ज्याला पाळकच लागतो, लग्नाचं, घरातल्या वाटण्यांचं, मंडळीतल्या भांडणाचं, तिथं सरळ सांगायचं, "साहेब येतील तेव्हा." तुमच्या सहीनं काही होत नाही हे लोकांना लवकर कळलेलं बरं, नाहीतर दोन्ही बाजू तुम्हालाच साक्षीदार करतात.

मोटरीचे पैसे घेऊ नका, पण सुटे भाग त्यांनाच आणायला सांगा. माझ्या स्ट्रिपांसारखं.

संडास बाहेर. आमचा बंगल्यापासून चाळीस पावलांवर होता, भारतीय पद्धतीचा, दाराला खालून वीतभर फट. पावसाळ्यात त्या फटीतून काय काय आत येतं ते इथं लिहीत नाही. तुमच्या गुडघ्यांना ते जमायचं नाही. जायच्या आधी बंगल्याच्या न्हाणीतच कमोड बसवून घ्या, आणि तेही त्या पत्रात लिहून घ्या, खरं_बोलणारा म्हणतात तसं. आम्ही सात महिने "बघू, बघू" ऐकलं आणि मग स्वतःच्या खर्चानं बसवला. फ्रिज नका नेऊ. आमचा लाइटीच्या वरखाली होण्यानं दुसऱ्या महिन्यात गेला. त्यात आम्ही रजिस्टरं ठेवली, वाळवी लागत नाही.

नगरी_मावशी

मी अजून हो म्हटलेलं नाही, हे इथं नोंदवून ठेवते. पण हे शनिवारी गाडीवर जाऊन न्हाणीचं माप घेऊन येतायत. टेप आत्ताच खिशात घालून ठेवलाय.

दौंडकर_सिस्टर

दार आत उघडतं की बाहेर तेही बघायला सांगा. आमच्या गार्डसाहेबांनी भिंतीपासून भिंतीपर्यंत बरोबर माप आणलं होतं. कमोड बसल्यावर दार अर्धंच उघडायचं. दीड वर्ष आम्ही आडवे होऊन आत गेलो.